मु. पो. शेत

आमच्या घरात शेतावर मुक्कामाला कुणीच तयार नव्हतं, म्हणून कुत्रा आणायचं ठरलं.

चारचौघांत आम्ही हे असं सांगत नसू. चारचौघांत शेळ्यांची राखण, लांडग्यांचा त्रास, देशी जनावरांचं महत्त्व अशी भारदस्त कारणं होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. पुरंदर तालुक्याच्या पूर्वेला, जिथं पाऊस येतो तोही रस्ता चुकून, तिथं आमची वडिलोपार्जित अडीच एकर जमीन आहे. चौतीस वर्षं भूगोल शिकवून मी निवृत्त झालो आणि फंडाच्या पैशांतून अकरा उस्मानाबादी शेळ्या घेतल्या. शेळ्या शेतात, आम्ही सासवडला, मध्ये अठरा किलोमीटर. दिवसभर एक गडी असायचा. तो सहाला जायचा, मी साडेसहाला. त्यानंतर सकाळपर्यंत तिथं अकरा शेळ्या, एक बल्ब आणि जो कुणी येईल तो.

एका रात्री लांडगे आले. दोन करडं गेली.

लांडग्यावर मनसोक्त चिडायचीही सोय नाही. ते माळरान आमच्या सातबाऱ्याच्या आधीपासून त्याचं. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याचं नाव पहिल्या अनुसूचीत, थेट वाघाच्या पंगतीला. शेळीचं नाव कुठल्याच अनुसूचीत नाही.

"कुणीतरी तिथं राहायला पाहिजे," यावर घरात लगेच एकमत झालं. मतभेद फक्त 'कुणीतरी' या शब्दावर होता. मुलगा हिंजवडीला नोकरीला. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही आता मोकळेच असता." मी मणक्याचा एक्स-रे काढून दाखवला. ही म्हणाली, "अहो, तो चार वर्षांपूर्वीचा आहे." तेवढ्यात नातू म्हणाला, "आपण कुत्रा पाळू या." इतका समंजस ठराव आमच्या घरात पूर्वी कधी आला नव्हता. सगळ्यांनी हात वर केले. ज्याला जाऊन राहायचं होतं, त्याला मताचा अधिकार नव्हता.

आता कुत्रा कुठला? मला टपाल तिकिटांचा नाद आहे. २००५ साली टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली: हिमालयन शीपडॉग, रामपूर, मुधोळ आणि राजापलायम. चारही माझ्या वहीत आहेत. पण त्या चौघांत कळप राखणारा एकटा हिमालयातला. तो केसाळ गृहस्थ इथल्या एप्रिलमध्ये आणला तर शेळ्यांनाच त्याला वारा घालावा लागला असता. बाकीचे तिघे शिकारी बाण्याचे. आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी करवानीचं पिल्लू देऊ केलं होतं. फार देखणी जात, पण ससा दिसला की सुटलेला बाण. आणि तरण्या करवानीच्या नजरेत पळणारं करडू आणि पळणारा ससा यांत फरक तो काय? मांजराला दुधाच्या पातेल्यावर बसवण्यातला प्रकार. मग मुलगा म्हणाला, "जर्मन शेफर्ड घ्या. नावातच शेफर्ड आहे." चौतीस वर्षं मुलांना सांगत आलो की नावावर जाऊ नका, आणि घरातच ही अवस्था.

कळप वळणारा कुत्रा वेगळा आणि राखणारा वेगळा, हे मला तेव्हा वाचून कळलं. वळणारा डोळे रोखतो, दबा धरतो, पाठलाग करतो. म्हणजे शिकारच, फक्त घास घेण्याच्या आधी थांबवलेली. राखणाऱ्यात हे काहीच नको. त्याचे कान पडलेले, चेहरा झोपाळू, मेंढरांत पडून राहतो आणि आपणही त्यांच्यातलेच असं समजतो. कुणी परकं आलं की मगच त्याला आठवतं की आपल्याला दात आहेत. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या अमेरिकी जोडप्यानं सत्तरच्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजातून या कुत्र्यांचा अभ्यास सुरू केला. युरोप-तुर्कस्तानातली अशी कुत्री आणून त्यांनी अमेरिकेतल्या मेंढपाळांना दिली. राखणदाराचे त्यांनी तीन गुण सांगितले: कळपाकडे लक्ष, कळपाला इजा न करण्याचा भरवसा आणि संरक्षण. हुशारी यादीत नाही. हे वाचून मला बरं वाटलं, कारण इतका वेळ मला वाटत होतं की या कामाला पात्रता लागते.

मग वाचनाचा नाद वाढत गेला. नामिबियात १९९४पासून चित्ते वाचवणारी एक संस्था शेतकऱ्यांना तुर्की अनातोलियन शेफर्डची पिल्लं देते. कुत्रा असला की चित्ता शेळ्यांच्या वाटेला जात नाही आणि शेतकरी बंदुकीच्या. ऑस्ट्रेलियात वॉर्नंबूल गावाशेजारी मिडल आयलंड नावाचं एवढंसं बेट आहे. ओहोटी लागली की कोल्हे चालत बेटावर जायचे आणि शेकड्यांनी असलेले पेंग्विन २००५पर्यंत दहाच्याही आत आले. दुसऱ्या वर्षी तिथं इटलीच्या मरेम्मा जातीची कुत्री ठेवली आणि पेंग्विन पुन्हा वाढू लागले. मी हे जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. ही म्हणाली, "बेटावरचं कुत्रं राहीलच. चारी बाजूंनी समुद्र. आपल्या चारी बाजूंनी काय आहे?"

आमच्या चारी बाजूंनी भाऊबंद आहेत.

शेवटी कुत्रा पुस्तकातून नाही, वाटेवरून आला. दसरा झाला की धनगरांचे वाडे आमच्या भागातून कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परत फिरतात. वाटेत ज्यांना खत हवं त्यांच्या रानात मेंढरं बसवायची, बदल्यात धान्य घ्यायचं. आमच्या बांधाला लागून नानांचं रान आहे. तिथं दरवर्षी एका म्हाताऱ्या आबांचा वाडा दोन रात्री असतो. त्या साली वाघुरीच्या जाळीत कोकरं होती आणि कोकरांच्या मध्ये तीन पिल्लं झोपली होती. त्यातलं मातकट, एका कानाला काळा ठिपका असलेलं पिल्लू मला फार आवडलं.

"काय द्यायचं आबा?"

"कुत्रं इकत न्हाई आमी. दोन पायली बाजरी द्या."

मला दोन्हीतला फरक कळला नाही, पण बाजरी दिली. आबांनी पिल्लू मानगुटीला धरून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "सर, येकच ध्येनात ठेवा. त्येला लळा शेरडांचा लावा. तुमचा नगं."

पिल्लू दोन महिन्यांचं होतं. कुत्र्याच्या पिल्लाचं मन तिसऱ्या आठवड्यापासून साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत ओल्या मातीसारखं असतं म्हणतात. त्या दिवसांत जे भोवती असेल तेच त्याचं गणगोत. शेळ्यांत असलं तर शेळ्या, माणसांत असलं तर माणसं. म्हणजे मला पिल्लू पिशवीत घालून सरळ गोठ्यात नेऊन सोडायचं होतं. मी ते पिशवीत घातलं. स्कूटर सुरू केली. पिल्लानं पिशवीतून डोकं काढून माझ्या चपलेवर ठेवलं आणि झोपलं.

आता अशा वेळी गोठ्याकडं कोण वळेल?

'फक्त आजची रात्र' म्हणून ते सासवडला आलं आणि नऊ रात्री राहिलं. नातवाला शाळेला दांडी मारायला कारण मिळालं. हिनं आधी "घरात नको" म्हटलं, मग "गादीवर नको" म्हटलं, मग नवीन चादर काढली. नावावरून दोन दिवस भांडण झालं. नातवाला ऑस्कर हवं होतं, हिला वाघ्या. मी म्हटलं, याला एका जागी राहायचंय, तेव्हा याचं नाव ध्रुव. सगळं आकाश फिरलं तरी जो जागचा हलत नाही तो. भूगोलाच्या मास्तराला आयुष्यात एकदा तरी असं नाव ठेवायची संधी मिळायला हवी. शेतावर गड्यानं त्याचं 'धुरव' केलं आणि महिन्याभरात नानांनी 'धुरळ्या'. कारण, ते म्हणाले, "तुमच्या कुत्र्याचा आमाला तेवढाच दिसतो."

पण ते नंतर. आधी गोठा.

दहाव्या दिवशी ध्रुवला शेळ्यांच्या गोठ्यात एक कोपरा जाळी लावून दिला. त्याचं खाणं वेगळं द्यायचं, शेळ्यांनी त्याच्या भांड्यात तोंड घालता कामा नये, नाहीतर तो त्यांच्यावर गुरगुरायला शिकतो. हे मला माहीत होतं, शेळ्यांना नव्हतं. आमच्याकडे एक थोरली शेळी आहे, तिला आम्ही मावशी म्हणतो. तिनं पहिल्याच दिवशी जाळीवर पाय ठेवून दूधभाकरी संपवली, वर ताटली पालथी करून खाली काही राहिलंय का ते पाहिलं. ध्रुव आशेनं तिच्या तोंडाकडं बघत होता. नवरा जेवायचा थांबल्यावर आपलं पान वाढायचं अशा जुन्या काळच्या सुनेसारखा.

मावशीनं त्याला बाकीही बरंच शिकवलं. पाच महिन्यांचा झाल्यावर त्याला करडांचे कान ओढायचा चाळा लागला. हे वयच वाईट. राखण करणारी कुत्री दीड-दोन वर्षांपर्यंत पोरवयातच असतात आणि याच काळात खेळता खेळता एखादं करडू जायबंदी करतात. मी 'नाही, ध्रुव, नाही' असं सौम्य, बालमानसशास्त्राला धरून सांगत होतो. मावशीनं चार पावलं मागं जाऊन एकच धडक दिली. तो प्रश्न तिथं मिटला.

मिटला नाही तो मुक्कामाचा. साडेसहाला मी स्कूटरला किक मारली की ध्रुव गोठ्यातून निघे. कुंपण चहूबाजूंनी होतं, पण आमचं कुंपण हे कुंपण असल्याची आठवण करून देण्यापुरतं. बाभळीच्या फांद्या, दोन तारा, आणि जिथं दोन्ही नाहीत तिथं साडीचा पदर. आरशात आधी धूळ दिसायची, मग धुळीतून दोन कान. मी थांबायचो, त्याला उचलून परत सोडायचो, पुन्हा निघायचो. तिसऱ्या खेपेला अंधार पडायचा. मग तो माझ्यामागं यायचा थांबला आणि मी घरी येऊन सांगितलं, "रुळला एकदाचा."

रुळला नव्हता. रस्ते शिकला होता.

फेब्रुवारीत गडी म्हणाला, "सर, दुपारी कुत्रं नसतंय." मी एका दिवशी नातवाची सायकल घेऊन लांबून त्याचा माग काढला. ध्रुव दहाच्या सुमाराला तारेखालून निघाला, ओढ्यातून मारुतीच्या देवळात गेला. पुजारी म्हणाला, "ये भैरू." भैरूनं खोबऱ्याचा तुकडा घेतला. तिथून डांबरी रस्त्याच्या टपरीवर. टपरीवाला म्हणाला, "या शेठ." शेठनं बिस्किटं घेतली. बरोबर दीडला तो जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओट्यावर होता. मधल्या सुट्टीची खिचडी वाढायला सुरुवात झाली होती. पहिलीतल्या मुलांच्या रांगेच्या शेवटी तो असा बसला होता की त्याचं नाव पटावर असावं. तिथले गुरुजी माझेच विद्यार्थी निघाले. पाया पडले आणि म्हणाले, "सर, हा तुमचा? पोरं याला मॉनिटर म्हणतात. प्रार्थनेला नसतो, पण खिचडीला एक दिवस चुकला नाही."

चौतीस वर्षांत माझ्या वर्गात इतकी नियमित हजेरी मी पाहिली नव्हती. ध्रुवनं माझ्याकडं पाहिलं, ओळख दाखवली नाही. आपल्या शाळेत वडील आले की मुलं जसं करतात तसं.

घरी येऊन मी आबांना फोन लावला. आबा तेव्हा माणगावच्या बाजूला कुठंतरी होते. मागं मेंढरांचा आणि समुद्रावरून आल्यासारखा वाऱ्याचा आवाज. म्हणाले, "लोढणं घाला."

लोढणं शहरात फक्त म्हणींत उरलंय, म्हणून सांगतो. बांध ओलांडणाऱ्या गुराच्या गळ्यात एक ओंडका दोरीनं असा अडकवतात की चालताना तो पायांशी येतो. चरता येतं, हुंदडता येत नाही. गंमत म्हणजे परदेशातही या कुत्र्यांवर हाच उपाय करतात, पट्ट्याला आडवी काठी बांधून, म्हणजे तारेखालून जाताना अडकते. मी बाभळीची दोन फुटी काठी तासली, कडा घासून गुळगुळीत केल्या. गळफास बसू नये म्हणून आम्ही आसपास असतानाच ती घालायची, हेही ठरवलं. ही शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "निवृत्त झालेल्या माणसाच्या बायकोला हे वेगळं विकत आणावं लागत नाही."

दोन दिवस ध्रुव त्या काठीला अडखळला. तिसऱ्या दिवशी त्यानं विचार केला आणि काठी तोंडात धरली. मग तोंडात काठी आडवी धरून, मान जरा तिरकी करून तो फाटकाच्या फटीतून निघून गेला. संध्याकाळी टपरीवाला भेटला, भलता खूश. "सर, काय शिकवलंय कुत्र्याला! सरपण घेऊन आलं. म्या काठी चुलीत घातली आन् दोन बिस्किटं जादा दिली."

आठवडाभरात माझ्या तीन काठ्या त्यांच्या चहाखाली गेल्या.

यानंतरचा उपाय पुस्तकातला होता: हद्द दाखवणे. रोज सकाळ-संध्याकाळ कुत्र्याला साखळी लावून शेताच्या सीमेवरून फिरवायचं, म्हणजे आपलं काय आणि परकं काय ते त्याच्या नाकात बसतं. मी फेरी सुरू केली. पूर्वेच्या बांधावरून हळूहळू, मध्येच थांबत, कोपऱ्याच्या दगडापाशी दोन मिनिटं उभं राहत. रोज दोनदा. लिहिताना मला यात काही वावगं दिसत नाही. पण ज्याला आपल्याकडची बांधाची गोष्ट माहीत आहे, त्यानं इथंच कपाळावर हात मारला असेल.

चौथ्या दिवशी नाना बांधावर उभे होते. धुतलेली टोपी, काखेत रेक्झिनची बॅग.

"सर, सरळ बोला. मोजणी आणायचीय का?"

"नाही हो नाना. कुत्र्याला बांध दाखवतोय."

नानांनी माझ्याकडं पाहिलं. मग कुत्र्याकडं. मग पुन्हा माझ्याकडं.

"कुत्र्याला."

"हो."

"बांध."

"हो. म्हणजे त्याला हद्द कळावी म्हणून..."

"वकील कोण दिलाय?"

मी कॉपिंजर सांगितले, ओल्या मातीसारखं मन सांगितलं, पेंग्विनसुद्धा सांगितले. नाना ऐकत होते, पण बॅगेची चेन उघडत. आतून १९७२च्या दुष्काळाआधीचा घडीवर फाटलेला नकाशा निघाला, दोन सातबारे निघाले, त्यांच्या वडिलांनी माझ्या वडिलांना लिहिलेलं एक पोस्टकार्ड निघालं. त्यात प्रकृतीची चौकशी होती आणि शेवटी एक ओळ बांधाच्या दगडाबद्दल. हा कोपऱ्यातला दगड आमच्या दोन घरांत माझ्या जन्माआधीपासून आहे. त्यांच्या मते तो आम्ही तीन फूट सरकवला, आमच्या मते त्यांनी. आम्ही दोघं नकाशा धरून उभे असताना ध्रुव पुढं झाला. तंगडी वर करायला तो नुकताच शिकला होता. त्यानं दगड हुंगला, नापसंत केला, नानांच्या हद्दीत सुमारे दोन फूट आत गेला आणि तिथं निवाडा दिला.

नानांनी नकाशाची घडी घातली. "कुत्र्यालासुदिक शिकवून ठिवलंय," एवढंच म्हणाले. त्यानंतर महिनाभर आमच्यात जाणंयेणं नव्हतं.

मी पुन्हा आबांना फोन केला. लोढण्याचं सांगितलं, खिचडीचं सांगितलं, नानांचं सांगितलं. आबा हसले नाहीत. म्हणाले, "सर, रातच्याला शेरडांत कोण असतंय?"

"कोणी नाही. तोच."

"तुमी?"

"मी साडेसहाला घरी येतो."

पलीकडं बराच वेळ नुसता मेंढरांचा आवाज. मग म्हणाले, "माझी कुत्री इथवर आली, दोनशे मैल. येकीच्याबी गळ्यात दावं न्हाई. का जात न्हाईत? मेंढरं हितंच, माणसं हितंच, चूल हितंच. जायाचं कुटं? तुमी त्येला येकल्याला ठिवता आन् रोज फटफटी काढून दावता, की घर तिकडं हाय म्हून."

फोन ठेवल्यावर मी एक्स-रे शोधला. सापडला नाही. हिनं तो बोहारणीला का रद्दीवाल्याला दिला होता.

तेव्हा होळीच्या दुसऱ्या दिवसापासून मी शेतावर राहायला गेलो. गोठ्याला लागून पत्र्याची खोली होती. खाट, मच्छरदाणी, शेगडी, रेडिओ, घोंगडं. पहिल्या आठवड्यात सगळ्या घराला माझा अभिमान वाटला. मुलगा दर रविवारी येऊन फोटो काढायचा. हिचा आवाज फोनवर इतका प्रसन्न मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

आणि मी तिथं आहे म्हटल्यावर ध्रुव थांबला, हे काही मी सांगणार नाही, कारण तो पहिले पंधरा दिवस खिचडीला जातच होता. पण सहाच्या आत परत यायला लागला. मग कुंपण नीट केलं: खाली जाळी, वर तारा, साडीला निवृत्ती. जनावरांच्या डॉक्टरांनी नर भटकायचा कमी होतो म्हणून त्याचं ऑपरेशन केलं, रेबीजची लस तर आधीच दिली होती. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि खिचडी बंद झाली. यातल्या नेमक्या कशानं गुण आला ते विचारू नका. मी श्रेय स्वतःकडे घेतो.

रात्री मात्र झोप नाही. राखणीचं कुत्रं म्हणजे लांडग्याशी झुंजणारं कुत्रं असं चित्र माझ्या डोक्यात होतं. प्रत्यक्षात त्याच्या कामातलं नव्वद टक्के काम भुंकणं आहे. 'इथं कुणीतरी जागं आहे' अशी वर्दी. ध्रुव अकराला सुरू करायचा. घुबडावर भुंकायचा, चंद्रावर भुंकायचा, गाणी लावून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवर भुंकायचा. सोमवती अमावास्येला जेजुरीची गर्दी चालली तेव्हा तर चार तास अखंड. खंडोबाच्या भक्तांवर कुत्र्यानं भुंकावं हा खरं म्हणजे घरातल्यांनी घरातल्यांवर भुंकण्यातला प्रकार, पण त्याला कोण सांगणार? मी उठून त्याला गप्प करायला जायचो. मग कळलं की गप्प करायचं नसतं, ते त्याचं कामच आहे. बाहेर जाऊन तो ज्या दिशेला बघतोय तिकडं आपणही बघायचं, 'बरं, पाहिलं' म्हणायचं आणि परत यायचं. वर्गातही मी हेच करायचो, फक्त तेव्हा भुंकायचो मी.

श्रावणातल्या एका रात्री पहिलटकरीण शेळी अडली. पाऊस बारीक, बॅटरी क्षीण, मी एका हातात फोनवरचा सल्ला वाचतोय आणि दुसऱ्या हातानं काय करावं ते सुचत नाहीये. ध्रुव पाच हातांवर येऊन पडला. हनुवटी जमिनीला, कान मागं, आणि नजर मुद्दाम भलतीकडं, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसलेल्या सासऱ्यासारखी. करडू बाहेर आलं तेव्हा तो हलला नाही. शेळीनं ते चाटून कोरडं केलं. मग तो पोटावर सरपटत एक हात पुढं आला. शेळीनं शिंग दाखवलं. तो थांबला. पुन्हा अर्धा हात. तासाभरात तो करडाच्या शेपटीपर्यंत पोचला आणि तेवढीच, फक्त शेपूट, त्यानं चाटली. पहाटे जार पडली ती त्यानंच खाऊन जागा स्वच्छ केली. मला आधी मळमळलं, मग लक्षात आलं की त्या वासानंच लांडगे येतात.

लांडगा मी एकदाच पाहिला, भाद्रपदात. पाहिला म्हणजे बॅटरीच्या झोतात नाल्याच्या पलीकडं दोन ठिणग्या दिसल्या. त्या रात्री ध्रुवचं भुंकणं वेगळं होतं. घुबडावरचं नव्हे, ट्रॅक्टरवरचं नव्हे, पोटातून येणारं आणि मध्ये खंड नसलेलं. पाठीवरचे केस उभे. तो धावून गेला नाही. शेळ्या आणि नाला यांच्या बरोबर मध्ये आडवा उभा राहिला. मी त्याच्या मागं उभा होतो. किती मागं ते सांगायची गरज नाही. ठिणग्या विझल्या. नाना दुसऱ्या दिवशी म्हणाले की ती त्यांची म्हैस होती. नाना तेव्हा पुन्हा बोलायला लागले होते.

दिवाळीला ध्रुवला आमच्याकडं येऊन वर्ष झालं. आबांचा वाडा त्याआधी आठ दिवस कोकणाकडं गेला. जाताना आबा आमच्या फाटकाशी आले तर ध्रुवनं त्यांना आत येऊ दिलं नाही. ज्या माणसानं त्याला मानगुटीला धरून उचललं होतं, त्याच्यावर तो दात काढून गुरकावत होता. मी ओशाळलो. आबा फार खूश झाले. त्यांनी फाटकाबाहेरूनच त्याचे कान, छाती, पाय न्याहाळले. म्हणाले, "कुत्रं झालं. आजून वरीसभर ध्यान द्या." मग माझी खाट, मच्छरदाणी आणि दोरीवरचा टॉवेल न्याहाळला. काही म्हणाले नाहीत. दोन पायली बाजरीचा सौदा कुणाला महाग पडला याचा हिशोब त्यांनी मनातल्या मनात केला असावा.

भाऊबीज झाली आणि ही म्हणाली, "आता तो राहतो ना? मग तुम्ही या घरी." सात-आठ महिन्यांनी मी सासवडला माझ्या गादीवर झोपलो. पंखा, भिंती, गार पाणी. अकरा वाजले. काहीच झालं नाही. साडेअकरा. कुठं एक आवाज नाही. मी खिडकी उघडली, गल्लीतलं कुत्रं मोटारीखाली मुटकुळं करून घोरत होतं. त्याला हाक मारावी असं वाटलं, पण नाव माहीत नव्हतं. बारा वाजता मी दुसऱ्या कुशीवर वळलो. एकला चप्पल घातली. हिच्या झोपेचा भंग होऊ नये म्हणून स्कूटर कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली.

शेताशी पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. फाटकाला हात लावतो तोच पलीकडून तो पोटातला आवाज. बॅटरी न आणल्याचं तेव्हा लक्षात आलं. "ध्रुव, मी आहे." भुंकणं थांबेना. "अरे, मी!" कडीवरून बोटं मागं घेतली. "धुरव!" म्हटलं. शेवटी लाज सोडून "धुरळ्या!" म्हणून ओरडलो, तेव्हा तो जाळीशी आला, माझी पाटलोण दोनदा हुंगली, शेपूट एकदाच हलवली, वळला, आणि शेळ्यांमध्ये जाऊन माझ्याकडं पाठ करून पडला. कडी आतून होती. मी बांधाबांधानं चालत कोपऱ्याच्या दगडापाशी गेलो, तिथं जाळी जरा खाली आहे, आणि एक पाय पलीकडं टाकला.

नानांच्या घरातला दिवा लागला.

"कोन हाय रं तिकडं?"

"मी आहे, नाना!"

बराच वेळ शांतता. मग दाराची कडी वाजली, खोकला आला आणि पाठोपाठ रेक्झिनच्या बॅगेची चेन उघडल्याचा आवाज.

"सर, रातच्याला मोजणी कायद्यात बसत न्हाई हां!"